दमावंदची तयारी

दमावंद हा इराणमधला ज्वालामुखी. झोपलेला म्हणतात, पण पुरता झोपलेला नाही. माथ्याजवळच्या भेगांतून अजून गंधकाचा धूर येत असतो. मी भूगोल शिकवायची, त्यामुळे हे मला माहीत होतं. यवतमाळच्या कनिष्ठ महाविद्यालयात ज्वालामुखीचा धडा मी दरवर्षी एकाच प्रश्नानं सुरू करायची, "आपल्या कापसाची काळी माती आली कुठून?" उत्तर लाव्हा आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं वाकून पायाखाली बघायची. पण त्या डोंगरावर आपण स्वतः जायचं ठरवू आणि त्याची तयारी करता करता आपल्याच घरावर पाळी येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझे मिस्टर डॉक्टर. सरकारी दवाखान्यात, मेडिसिनच्या वॉर्डात. कापसाची ती वाईट वर्षं होती आणि फवारणीचं औषध प्यालेली माणसं त्यांच्याकडे सारखी यायची. पुरुष यायचे, बाया यायच्या, लग्न ठरलेल्या पोरी यायच्या. बरीचशी वाचायची. पेपरात जाणाऱ्यांचे आकडे यायचे, वाचलेल्यांचं कोणी छापत नसे. ह्यांच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे. बाभुळगावकडची एक तरुण बाई तर सगळ्यांनी आशा सोडल्यावर ह्यांनी ओढून परत आणली होती. घरी जाताना चालत गेली. पुढच्या महिन्यात घरची तूरडाळ घेऊन आमच्या दारात आली, माझ्या पाया पडायला लागली. मी तिला चहा पाजला. हसली की तिच्या गालाला खळी पडायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी हे जेवायला बसले आणि म्हणाले, "ते पुन्हा आलती."

"कोण?"

"डाळवाली."

या खेपेला ती चालत घरी गेली नाही, हे मला न विचारता कळलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून हा माणूस हळूहळू बंद होत गेला. भांडण नाही, रडणं नाही. विचारलं तर उत्तर द्यायचे, एका शब्दात. दवाखान्यातून आले की गाडी फाटकात उभी करून स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहायचे. मी खिडकीतून बघायची. आत बोलवायला गेले की म्हणायचे, "येतो ना." कपड्यांना त्या फवारणीच्या औषधाचा वास येते म्हणायचे. मला येत नव्हता. मी दोन दोनदा धुवायची, तरी त्यांना यायचा.

त्यातच एकदा वर्गातला आशियाचा नकाशा मी घरी आणला होता, गुंडाळून गुंडाळून मधून फाटला होता म्हणून. जमिनीवर पसरून मागून कापड चिकटवत होते. हे बाजूनं जाता जाता थांबले. खाली बसले. कॅस्पियन समुद्राच्या खाली बोट ठेवलं.

"इथं जायचं होतं मले कधीतरी."

मेडिकलला असताना त्यांना डोंगरांचं वेड होतं. हिमालयात जाऊन त्यांनी गिर्यारोहणाचा कोर्स केला होता, हे लग्नाआधीचं. लग्नानंतर आम्ही फार तर माहूरगडाच्या पायऱ्या चढलो. पण किती आठवड्यांनी हा माणूस आपण होऊन एक पूर्ण वाक्य बोलला होता! बुडणाऱ्याला काडी दिसावी तसं झालं मला.

"मग जाऊ ना," मी म्हटलं. "येत्या ऑगस्टमध्ये जाऊ. मीही येते."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुले नाही झेपणार."

"अर्ध्यापर्यंत तर झेपेल."

आणि मी त्या तयारीला अशी लागले की कॉलेजातल्या बायकांना वाटलं, हिला काहीतरी झालं. इंटरनेट कॅफेत तासन् तास बसायची. शेवटी तेहरानचा एक वाटाड्या सापडला. नशीब असं की तो तरुणपणी पुण्यात शिकायला होता आणि मोडकं हिंदी बोलायचा. मी एसटीडी बूथवरून पहिल्यांदा फोन केला तेव्हा तो इतका खूश झाला की आधी पुण्यातल्या मिसळीची चौकशी केली.

मग मी मुद्द्यावर आले. माथ्यापर्यंत पोचू का, असं विचारलं.

"भाभी, चोटी का मैं वादा नहीं करता," तो म्हणाला. "तीसरे कॅम्प तक सब ठीक. उसके ऊपर हवा का मर्जी. हवा खराब, तो वापस."

पुढे मला कळलं की फारशीत हवा म्हणजे हवामान, आणि खराब म्हणजे आपलं खराबच. तो त्याच्या भाषेत बोलत होता आणि मला ते आपलं वाटत होतं. त्यानं समजावलं की वारा उलटा फिरला की गंधकाचा धूर थेट वाटेवर येतो, माणूस खोकून खोकून बेजार होतो, डोकं चालेनासं होतं. कधी बर्फाचं वादळ येतं. कधी खालून आभाळ निळं दिसतं आणि वर उभंही राहता येत नाही. ते आदल्या दिवशीही सांगता येत नाही. म्हणून त्याचा नियम एकच होता. दुपार कलायच्या आत माथा आला नाही, तर असाल तिथून मागे फिरायचं. माथा दहा पावलांवर असला तरी.

मी घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि मला वाटलं, जमलं. त्या संध्याकाळी मी देवापुढे दोन दिवे लावले.

आता यवतमाळच्या मे महिन्यात बर्फाच्या डोंगराची तयारी कशी करायची? सकाळी उजाडायच्या आत गावाबाहेरच्या टेकडीवर जायचो. पाठीवर सरकीनं भरलेल्या पिशव्या बांधायच्या आणि चढ-उतार करायचा. सरकी टोचायची, पाठ सोलून निघायची. टेकडीवर एक वाळलेलं तळं, चार पळसाची झाडं आणि खाली लांबपर्यंत उन्हाळवाहीची, नांगरून ठेवलेली उघडी काळी रानं. म्हशी घेऊन जाणारा एक गुराखी रोज विचारायचा, "काय डाक्टर, सरकी कायले वायून राह्यले?" हे नुसतं हसायचे. मला ते हसूसुद्धा कमाई वाटायची.

थंडीच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. नागपुरातून, पुण्यातून मागवलेले कोट, बूट, झोपायच्या पिशव्या. पण बेचाळीस-चव्वेचाळीस अंशात ते घालून बघणार कुठे? ओळखीच्या एकाचा बर्फाचा कारखाना होता. त्याला विचारलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "या ना वहिनी, तिथंच तर थंडक आहे जिल्ह्यात."

भर दुपारी आम्ही तिथे गेलो. बाहेर डांबर वितळत होतं. आत बर्फाच्या लाद्या रचलेल्या, मधून चालायला अरुंद वाट, एक मिणमिणता दिवा. आम्ही दोघं कोट, टोप्या, हातमोजे घालून लाद्यांवर पोतं टाकून बसलो. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. मला हसू आलं. थोड्या वेळात माझे पाय बधिर झाले, बोटं दुखायला लागली. मी म्हटलं, "चला आता, कळलं की कोट चांगला आहे."

"तू जा. मी बसतो थोडं."

"अहो, आजारी पडाल."

"इथं अमोनियाचा वास येते," ते म्हणाले. "पण तो वास नाही येत."

मी बाहेर उन्हात उभी राहिले. कारखान्याचा मालक घड्याळ बघायला लागला. मी दार उघडून आत गेले तेव्हा त्यांनी हातमोजे काढून ठेवले होते आणि उघडे तळहात बर्फाच्या लादीवर टेकले होते. चेहरा शांत होता. फार शांत. मी त्यांना हाताला धरून उठवलं तेव्हा त्यांची बोटं पांढरी पडली होती. वाटेत त्यांनी एकदाही हात चोळले नाहीत. मी मनाला समजावलं, थकलेला माणूस आहे, थंडावा बरा वाटला असेल. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो.

जून लागला. पाऊस एकदा येऊन गेला तो गेलाच. पेरलेली सरकी जमिनीत जळाली, लोकांनी दुसऱ्यांदा पेरली. वॉर्ड पुन्हा भरायला लागला. हे घरी उशिरा यायचे, पण टेकडी चुकवत नव्हते. उलट आता ते माझ्या पुढे, फार पुढे चालायचे. वाटाड्याला मीच फोन करायची, पण एकदा हेही सोबत बूथवर आले आणि रिसीव्हर हातात घेतला. वाटाड्या पलीकडून सगळं समजावत असावा. हे विचारत होते, कॅम्पवरून पहाटे किती वाजता निघायचं, धूर नक्की कुठल्या बाजूला, शेवटच्या टप्प्यात दोरी लागते का, एकट्यानं जाता येतं का.

"एकट्यानं काहून?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"तू थर्ड कॅम्पले थांबशील ना. म्हणून."

"पण वाटाड्या आहे ना सोबत."

"हो. तो आहेच."

त्यांनी उतरण्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं की नंतर, हे आज मला सांगता येत नाही.

मग एक दिवस वॉर्डातल्या सिस्टर घरी आल्या. पुसदकडच्या तांड्यातल्या, ह्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम केलेल्या. बोलण्यात मोकळ्या, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मॅडम, एक विचारू? सरायची बदली झाली काय?"

"नाही. काहून?"

"नाही, म्हणजे... सरायनं आपला स्टेथो नव्या डॉक्टरले देऊन टाकला. कपाटातली पुस्तकंबी वाटून राह्यले. मले म्हणे, सिस्टर, तुमाले हे पेन घ्या, लई चांगलं चालते. मी म्हटलं, सर, तुमाले नाही लागत काय? तर म्हणे, ऑगस्टनंतर मले नाही लागत." त्यांनी ते पेन पिशवीतून काढून दाखवलं. "म्हटलं, बदली झाली असंन. मग मनात आलं, बदली झाली तरी पेन तं लागतेच ना."

सिस्टरांनी किती तशी माणसं पाहिली होती. त्या मला सांगायला आल्या होत्या, विचारायला नाही. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले. थोड्या वेळानं त्याच आत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनीच चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर गेलो. मी पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि म्हटलं, "आज चढायचं नाही. मला एक सांगा. माथ्यावरून परत कसं यायचं?"

"ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं."

"तुम्ही येणार आहात?"

ते उभेच होते. खाली कोणीतरी बैलजोडी हाकत होतं, त्याचा आवाज वर येत होता. मी पुन्हा विचारलं. वाटलं होतं, चिडतील, काहीतरीच काय म्हणतील. मला ते ऐकायचं होतं. देवा, यांना चिडू दे, असं मी म्हणत होते.

ते दगडावर बसले.

"तिथं हवा खराब असते," ते म्हणाले. "सगळ्यायले माहीत आहे. कोणाले दोष नाही जात. तुलेही कोणी काही विचारत नाही."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"इथं काही झालं तर मले माझ्याच वॉर्डात आणतीन. सिस्टर असतीन ड्यूटीवर. मी पाहिलं आहे ना ते. मी रोज पाहून राह्यलो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, औषधाची वेळ सांगावी तसा. "आपण वाचवतो अन् पुन्हा तिथंच पाठवतो. त्याच घरी, त्याच वावरात. कायले वाचवतो मग?"

मी त्यांच्या अंगावर ओरडले. टेकडीवर, उघड्यावर, म्हशीवाल्यासमोर मी असं काही ओरडले की मला ते शब्द आता लिहवत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही मला तिसऱ्या कॅम्पला बसवून ठेवणार होतात, वाट बघत. मी तुमच्यासाठी हे सगळं केलं. तुमचं मरण मी माझ्या हातानं ठरवत बसले होते, बुटांचं माप घेत. ते ऐकत राहिले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, तेही रडले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही पिशव्या उचलल्या, माझीही, आणि आम्ही खाली उतरलो.

मी त्याच दुपारी बूथवर गेले. वाटाड्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, हा परका माणूस, याला काय कळणार, फार तर म्हणेल काळजी करू नका, मी दोरीनं बांधून नेतो. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. कारण तो डोंगर सोडला तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. निदान ऑगस्टपर्यंत तरी ते जगतील, असा हिशेब माझ्या डोक्यात होता. हा विचार मी केला होता, हे खरं आहे.

पलीकडे त्यानं दार लावल्याचा आवाज आला.

"भाभी," तो म्हणाला, "मैं नहीं ले जाऊँगा. इस साल नहीं. जो आदमी उतरना नहीं पूछता, उसको मैं नहीं ले जाता."

"भैया, ये बंद हो गया तो वो..."

"मालूम है. लेकिन पहाड इसके लिए नहीं है. उसको डॉक्टर के पास ले जाओ."

"वो खुद डॉक्टर है," मी म्हटलं आणि बूथच्या काचेला डोकं टेकलं. बूथवाल्यानं पंखा माझ्याकडे फिरवला.

घरी येऊन मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की वाटाड्यानं नाही म्हटलं, आणि मीच त्याला सगळं सांगितलं. तेव्हा ते चिडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "तुले कोणी सांगतलं होतं? कोण लागते तो आपला? त्याले कायले सांगतलं माझं?" त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला भीती वाटत होती, पण त्या भीतीत एक विचित्र हायसं वाटणंही होतं. हा माणूस अजून आत आहे, असं.

ते हायसं वाटणं टिकलं नाही. त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. ते खोलीतून निघेनात, दवाखान्यात जाईनात. मी कॉलेजातून रजा घेतली. घरातल्या गोळ्या, फिनाईल, झुरळांचं औषध, सगळं सिस्टरांकडे नेऊन ठेवलं. सिस्टर त्यांची ड्यूटी संपली की येऊन बसायच्या, बाहेरच्या खोलीत, भाजी निवडत. त्या होत्या म्हणून मी अंघोळ करू शकायची, डोळा लावू शकायची. आभाळ रोज भरायचं आणि वारा ते घेऊन जायचा.

नागपूरला ह्यांचा एक वर्गमित्र मनोविकारतज्ज्ञ होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, आजच घेऊन या. तो नाही म्हणणार. तरी आणा." हे नाहीच म्हणाले. "मी डॉक्टर आहो. मले माहीत आहे तो काय देईन." मी पाय धरले. उपयोग झाला नाही. शेवटी सिस्टर उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डात पेशंट नाही म्हणते, मले घरी जाऊ द्या म्हणते, तवा तुमी काय म्हणता मले? तुमी म्हणता, सिस्टर, हात धरा त्याचे. मी धरू काय?"

ते उठले आणि चपला शोधायला लागले. नागपूरसाठी भाड्याची गाडी केली, मी पुढे बसले. सिस्टर मागच्या सीटवर ह्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि रस्ताभर त्यांनी ह्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, नाडी बघावी तसं.

त्यांना तिथे भरती करून घेतलं. मी जवळच एक खोली घेऊन राहिले. ऑगस्टमध्ये, ज्या दिवसांत आमचं माथ्याकडे निघायचं ठरलं होतं, त्या दिवसांत वाटाड्याचा फोन आला. घरचा नंबर लागेना म्हणून त्यानं कॉलेजात फोन करून माझ्या खोलीमालकाचा नंबर मिळवला होता.

"आज चोटी बंद है भाभी," तो म्हणाला. "सब लोग वापस आ गए. धुआँ बहुत. भाईसाहब कैसे हैं?"

"जिंदा हैं," मी म्हटलं. कसे आहेत ते मलाच कळत नव्हतं. पलंगावर बसून ते भिंतीकडे बघायचे. औषधांनी झोप यायची, तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. मित्र म्हणायचा, वेळ लागेल. किती, ते सांगत नव्हता.

वेळ लागला. मधे एकदा सगळं पुन्हा बिघडलं, पुन्हा भरती करावं लागलं. त्या वॉर्डात ते परत गेलेच नाहीत. पुढे मुकुटबनच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात जायला लागले, ताप-खोकला, लहान पोरांच्या लसी. लोक विचारायचे, इतका मोठा डॉक्टर, इथं काहून? ते म्हणायचे, इथं पोरं रडतात, बरं वाटते. दमावंदला आम्ही गेलो नाही. कोट आणि बूट मी कॉलेजच्या एका गिर्यारोहक पोरीला देऊन टाकले. वाटाड्याचा कधीमधी फोन येतो, ह्यांच्याशी तो बोलतो, दोघं पुण्याच्या गप्पा मारतात, जिथे हे फक्त दोनदा गेले आहेत.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. लोकांना वाटतं, ते बरे झाले. मित्र म्हणतो, बरे आहेत. मलाही बहुतेक दिवस तसंच वाटतं. पण अजून ते न्हाणीत गेले आणि आतून जास्त वेळ पाण्याचा आवाज आला नाही, तर हातातलं काम टाकून मी दाराशी जाते. कडी वाजवते. काही बहाणा लागतो म्हणून विचारते, साबण आहे का.

"आहे," आतून वैतागलेला आवाज येतो. "साबणही आहे, मीही आहो. जाय ना तू."

मी जाते. दोन पावलं मागे, आणि मग पाणी पडायला लागेपर्यंत तिथेच उभी राहते.